बॉनेटवर हात

स्पोर्ट्स कार विकत घ्यायला गेल्यावर माणसाने पहिलं काय करावं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. नमस्कार-चमत्कार नंतर. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गार लागलं तर पुढचं बोलायचं, गरम लागलं तर आल्या पावली परत फिरायचं. कारण तुम्ही यायच्या आधीच विकणाऱ्याने इंजिन चालवून ठेवलं असेल, तर सकाळच्या पहिल्या चावीला ते किती खोकतं आणि किती धूर ओकतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. हे ज्ञान मी कुठल्या पुस्तकातून मिळवलेलं नाही. एकतीस वर्षं एकाच माणसाच्या तोंडून ऐकत आले आहे, आणि तो माणूस माझा नवरा.

आमचे हे दातांचे कारागीर. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि त्यावरून हे कॅप, ब्रिज आणि कवळ्या घडवतात. घराच्या खालच्या मजल्यावर यांची लॅब, लॅबला लागून गॅरेज आणि वरच्या मजल्यावर मी. यांच्या पसंतीचा क्रमही साधारण असाच आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे आणि हे ते कधी खोडून काढत नसत. लॅबच्या भिंतींवर फळ्याच फळ्या, त्यांवर नंबर घातलेले प्लास्टरचे पांढरे जबडे. दोन दातांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी यांच्या बोटाला कळते. ती नीट झाल्याशिवाय जेवायला वर येत नाहीत, मग मी वरून कितीही हाका मारो.

गॅरेजमध्ये घोरपड. हे नाव मी ठेवलेलं. दोनच सीट, मागे दुमडणारं छप्पर, राखट हिरवा रंग आणि पोट जमिनीला चिकटलेलं. मग दुसरं काय म्हणणार? तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाठ आत टाकायची, मग एक पाय, मग देवाचं नाव घ्यायचं, मग दुसरा पाय. उतरायच्या वेळी देवाचं नाव दोनदा घ्यावं लागतं.

ती घेण्याआधी यांनी एकोणीस गाड्या बघितल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे आणि वाटेत आपली मतं ऐकवायचे. लाल घेऊ नये; लाल गाडीकडे लोक बघतात आणि मग चालवणारा रस्त्याऐवजी लोकांकडे बघतो. सगळ्यांत ताकदीची घेऊ नये. आपल्या दोन पायांना आवरेल तेवढीच ताकद आपली, बाकीची नुसती मिरवायला. चार टायर चार कंपन्यांचे दिसले तर समजावं की मालकाने बाकी सगळ्यांतही तसंच भागवलं आहे. आरशासारखी चकचकीत गाडी दाखवणाऱ्यापेक्षा दुरुस्तीच्या पावत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जपणारा बरा. ठरलेल्या वेळी कधीही जाऊ नये, तासभर आधी जावं. गाडी झाकून ठेवणाऱ्यांवर तर यांचा विशेष राग. उभ्या गाडीचं रबर सुकतं, ब्रेक धरतात, तेल तळाशी बसतं. गाडी चालवली नाही की ती आजारी पडते. आणि शेवटचं, पण यांच्या लेखी सगळ्यांत मोठं मत: ज्याला विकताना वाईट वाटत नाही, त्याच्याकडून घेऊच नये.

विसाव्या गाडीचा मालक एक म्हातारा औषधविक्रेता होता. बॉनेट गार होतं. सगळं ठरलं, आणि यांच्या हातात चावी देताना तो म्हणाला, "जरा थांबा हं." आत जाऊन तोंड धुऊन आला. परतीच्या वाटेवर हे मला म्हणाले, "बघितलंस? रडला तो. गाडी चांगली निघणार." अकरा वर्षं गाडी चांगली निघाली.

खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडायची. वरून मी कितीही नावं ठेवली, तरी छप्पर मागे टाकून आम्ही निघालो की डोक्याला रुमाल बांधून मी राणीसारखी बसत असे. हे इंजिनाचा आवाज ऐकत, मी आजूबाजूची दुनिया बघत. बोलायची गरज नसायची. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या गाडीत न बोलता मिटली आहेत.

मी नर्स. आता निवृत्त झाले, पण जवळच्या दवाखान्यात सकाळी सात ते साडेनऊ ड्रेसिंग आणि इंजेक्शनं अजून माझ्याकडे असतात. दुसऱ्यांच्या जखमा बघण्यात जन्म गेला आणि घरातलं मात्र उशिरा दिसलं. एक दिवस हे जिना चढून वर येत होते. डाव्या पायातली सपात चौथ्या पायरीवर सुटली. हे तसेच वर आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. एका पायात सपात आहे आणि एका पायात नाही, हे यांच्या गावीही नव्हतं. मी जाऊन पायरीवरची सपात उचलून आणली. यांची साखर सोळा वर्षांची जुनी. पाय बधिर होतात तेव्हा असंच होतं, हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलेलं.

मी कापूस आणला. स्टुलावर यांचे पाय घेतले. "डोळे मिटा. मी कुठे कापूस लावते ते सांगायचं."

"अंगठा," हे म्हणाले. बरोबर. "करंगळी." बरोबर. "टाच." तेही बरोबर. मला बरं वाटणार तेवढ्यात मी वर बघितलं, तर यांच्या पापण्या थरथरत होत्या आणि त्यांच्या फटीतून हे महाशय आरामात खाली बघत होते. मी खांद्यावरचा नॅपकिन यांच्या डोळ्यांवर करकचून बांधला आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसले. कापूस लावलाच नाही.

"करंगळी," हे ठामपणे म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. डावा पाय गेल्यात जमा, उजवाही त्याच वाटेवर. साखर आटोक्यात ठेवा, पाय रोज बघा आणि गाडी चालवणं बंद. आजपासून. यांनी मान हलवली. घरी येऊन चावी स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "विकून टाकू. उभी ठेवून सडवायची नाही." मी चावी रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पिशवीत ठेवली. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता, हे मुद्दाम सांगून ठेवते.

जाहिरात दिली. माणसं यायला लागली. हे प्रत्येकाला सकाळी दहाची वेळ देत आणि प्रत्येकाला हात हलवत परत पाठवत. पहिला एक बांधकामाचा ठेकेदार. त्याने आल्या आल्या गाडीला टेकून स्वतःचे फोटो काढून घेतले. दुसरा गाडीच्या आरशात भांग पाडत बसला. तिसरे तर दातांचे डॉक्टर, ज्यांचं काम यांच्याकडे आज पंधरा वर्षं येतं. त्यांनी दारावर कोपर टेकून विचारलं, "यात गाणी फोनवरून लागतात ना?" यांनी त्यांना गाडी विकायचा विचार रद्द झाल्याचं सांगितलं.

"अहो, त्यांचं काम गेलं तर?" मी म्हटलं.

"जाऊ दे. एकानेही बॉनेटवर हात ठेवला नाही. ज्याला गाडी बघायची कशी ते कळत नाही, त्याला ती ठेवायची कशी ते काय कळणार?"

"तुम्हाला विकायचीच नाहीये."

"विकायची आहे. योग्य माणसाला विकायची आहे. लेक देताना आपण चौकशी करतो ना?"

"लेक देताना मुलाने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला नाही, म्हणून कुणी स्थळ नाकारत नाही," मी म्हटलं. हे हसले, पण ऐकलं नाही.

असे पाच आठवडे गेले. मग एका बाईचा फोन आला. ती सोमवारी दहाला येणार होती. या खेपेला मी ठरवलं की हे गिऱ्हाईक यांच्या एकट्याच्या तावडीत द्यायचं नाही. ती यायच्या आधी यांना चार शब्द सुनवावेत म्हणून दवाखान्यात सांगून मी लवकर निघाले. नऊला पाच कमी असताना मी आमच्या फाटकाशी पोचले, तर फाटकाबाहेर एक तिशी-पस्तिशीची बाई उभी. आखूड केस, खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस.

"गाडी बघायला आले," ती म्हणाली. "दहाची वेळ होती, मी जरा लवकर आले. मी लिफ्ट दुरुस्त करते ना काकू. सांगितलेल्या वेळी गेलं की लिफ्ट कधीच बिघडलेली सापडत नाही. आधी जावं लागतं."

तासभर आधी आलेलं गिऱ्हाईक! हे ऐकून यांना काय वाटेल या कल्पनेनेच मला हसू आलं. मी तिला गॅरेजकडे घेऊन गेले.

गॅरेजचं दार उघडं होतं. हे हातात फडकं घेऊन गाडीशी उभे होते. मला बघून दचकले. छप्पर मागे टाकलेलं होतं आणि यांचे उरलेसुरले केस उभे राहिलेले होते. गाल लाल, डोळ्यांत पाणी. मी नर्स; माणसाचा चेहरा आधी बघते.

"लवकर आलीस?" हे म्हणाले. "पुसत होतो."

लिफ्टवालीने नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. सरळ पुढे झाली आणि पंजा पसरून बॉनेटवर हात ठेवला.

पाच आठवडे ज्याची वाट बघितली, तो हात अखेर पडला होता. मी कौतुकाने यांच्याकडे बघितलं. यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"काका, गाडी गरम आहे," ती म्हणाली.

तिने हात तसाच ठेवला, जणू आपल्याला चुकून तसं लागलं असेल तर आणखी एक संधी देत होती. मग काढून घेतला.

"थंड सुरू होत नाही ना ही?" तिचा आवाज चढा नव्हता, उलट हिरमुसलेला होता. "फोनवर तुम्ही इतकं छान बोललात. टायर, पावत्या, सगळं न विचारता सांगितलंत. मला वाटलं, हा माणूस फसवणार नाही. मी भाव पाडायला बोलत नाहीये काका. मला अशी गाडी नकोच." आणि ती पिशवी सावरून वळली.

त्या क्षणी माझ्याही डोक्यात उजेड पडला. चावी तर माझ्या पिशवीत, वर कपाटात. मग गाडी गरम कशी? मी यांच्याकडे बघितलं. हे एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा गाडीकडे. गप्प राहिले असते तर ती बाई निघून गेली असती, आणि मला काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मग घोरपडीच्या नावाला बट्टा लागला असता. सकाळच्या पहिल्या चावीला अकरा वर्षांत एकदाही न खोकलेली गाडी, तिला कुणीतरी लबाड ठरवून निघून चाललं होतं. यांना ते सोसवेना.

"थांबा," हे म्हणाले. "गाडीत काही खोट नाही. मी चालवून आणली. आत्ता. सकाळी."

"ट्रायलसाठी?" तिने विचारलं.

"नाही. मला चालवायला बंदी आहे. माझा पाय बधिर आहे. हिला," माझ्याकडे हात करून, "हिला मी शब्द दिला होता."

मला वाटलं होतं मी ओरडेन. "किती दिवस चाललंय?" एवढंच विचारलं.

"पाच आठवडे."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तू घरी असतेस."

यांनी हे इतकं सरळपणे सांगितलं की मला रडावं की हसावं ते कळेना. म्हणजे मी तिकडे लोकांच्या दंडात सुया टोचत असायची आणि इकडे हे गावभर हिंडून यायचे. दुसरी चावी कुठे होती, तेही सांगितलं. लॅबमध्ये, फळीवर, दोनशे सात नंबरच्या जबड्याच्या पोटात. हळूहळू मला बाकीचंही उमगलं. गाडी नऊला परत यायची आणि गिऱ्हाईक दहाला यायचं. म्हणजे ज्याला गाडीतलं कळत नाही त्याला हे देणार नव्हते, आणि ज्याला कळतं तो गरम बॉनेटला हात लावून आपणहून निघून जाणार होता.

"हे मुद्दाम केलंत?"

"नाही," हे म्हणाले. मग म्हणाले, "थोडंसं मुद्दाम."

लिफ्टवालीची फार पंचाईत झाली होती. परक्याच्या घरातलं भांडण ऐकत उभं राहणं कुणाला आवडतं? "मी निघते काकू," ती म्हणाली.

"कुठेही जायचं नाही," मी म्हटलं. माझा राग आता कुठे जागा झाला होता आणि त्याला काहीतरी काम हवं होतं. "आलीस ना गाडी बघायला? मग आत बसून नीट बघ. एकालाही इथे गाडी धड बघू दिलेली नाही यांनी."

ती निमूट आत बसली. तिला देवाचं नाव घ्यावं लागलं नाही. स्टिअरिंग हलवलं, ब्रेक दाबला, मग क्लच दाबला. टक्. पाय सोडला, पुन्हा दाबला. टक्.

"हा आवाज कसला?"

"काही नाही," हे घाईने म्हणाले. "तो काढता येईल."

"आवाज कुठून येतो ते सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही," ती म्हणाली. पिशवीतून टॉर्च काढून खाली वाकली आणि क्षणभराने तिचा गोंधळलेला आवाज आला. "काकू, पेडलच्या मागे काहीतरी गुलाबी चिकटवलंय. खाली पत्र्यालाही तसलंच. हिरडीसारखं दिसतंय."

मी वाकून बघितलं. हिरडीसारखं कसलं, हिरडीच होती. कवळीची गुलाबी हिरडी ज्या कडक मसाल्याची बनवतात, त्याच्या दोन गोल चकत्या. एक पेडलला, एक खाली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, फटीला जागा नाही. कारागीर माणसाचं काम.

"पेडल पूर्ण खाली पोचलं की त्या एकमेकींवर आपटतात," हे हळूच म्हणाले. "पायाला कळत नाही ना, मग कानाला कळतं."

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. माझा राग तिथेच बसला. म्हणजे आपला पाय कुठे आहे हे हा माणूस रोज सकाळी कान देऊन ऐकत होता. मला सांगायच्या ऐवजी लॅबमध्ये बसून, भिंग लावून, आपल्या पायासाठी हिरडी घडवत होता. मी इतकी कडक आहे का? की ज्या बाईने डोळ्यांवर नॅपकिन बांधला तिला काय सांगायचं, असं यांना वाटलं? मला यांची कीव आली, माझी लाज वाटली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी अखेर ओरडलेच. "आणि शेजारून ट्रक गेला तर? भोंगे वाजले तर? तेव्हा काय ऐकता तुम्ही?"

"तेव्हा अंदाजाने."

"अंदाजाने!"

"आज चुकला अंदाज," हे म्हणाले, आणि हातातलं फडकं घडी करायला लागले. एक घडी, दोन घड्या, तीन. "शाळेपाशी रस्ता फोडताहेत. यंत्र चालू होतं. मी पहिल्या गिअरमध्ये थांबलो होतो. मला वाटलं पाय क्लचवर आहे. नव्हता, कधीच घसरला होता. गाडीने उडी घेतली आणि बंद पडली. समोरून एक गृहस्थ रस्ता ओलांडत होते, काठी टेकत. त्यांच्या काठीला लागली गाडी. काठी पडली."

"आणि ते?"

"ते नाही पडले. वाकून काठी उचलली त्यांनी. मला वाटलं आता शिव्या घालतील. मला म्हणाले, 'सांभाळून हो.' माझ्याच वयाचे असतील." यांनी फडक्याच्या घड्या मोडल्या. "घरी येताना मी ठरवलं, आज येईल त्याला गाडी द्यायची. मग तो बॉनेटवर हात ठेवो नाहीतर आरशात भांग पाडो."

लिफ्टवाली गाडीतून उतरली.

"मी उद्या येते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तशी असेलही. पण मला थंड बघायची आहे."

"बघायलाच हवी," हे म्हणाले. इतक्या सगळ्यातही यांच्या आवाजात तिच्याबद्दल कौतुक होतं.

ती गेल्यावर यांनी लॅबमधून दुसरी चावी आणून माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि पाठ फिरवली. दिवसभर मी बोलले नाही. जेवताना पानात काय वाढलं तेवढंच ऐकू आलं असेल यांना. मला भीती वाटत होती, खरं सांगते. त्या काठीवाल्या माणसाची भीती. तो घरी गेला असेल, जेवला असेल, झोपलाही असेल. हे किती थोडक्यात निभावलं, आणि त्याला किती कमी ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही. सकाळी सातला खाली उतरले. हे लॅबमध्ये दिवा लावून कुठल्यातरी दाढेवर वाकले होते. मी आत न जाता पलीकडे गॅरेजमध्ये गेले. एकतीस वर्षांत जे मी एकदाही केलं नव्हतं, नुसतं ऐकत आले होते, ते केलं. पंजा पसरून बॉनेटवर हात ठेवला.

गार होतं. धातू रात्रभर एका जागी उभा राहिला की जितका गार पडतो तितकं. मागे वळले तर हे दारात उभे. चोरी पकडली गेल्यासारखा मी हात मागे घेतला.

"असू दे," हे म्हणाले. "नीट ठेव. अख्खा तळवा टेकवायचा, नुसती बोटं नाही."

मी अख्खा तळवा टेकवला. हे शेजारी येऊन उभे राहिले. कालपासून पहिल्यांदाच मी यांच्याशी बोलले. "गार आहे," म्हटलं.

लिफ्टवाली आठच्या आधीच आली. तिने हात ठेवला, मान हलवली, आत बसून चावी फिरवली. घोरपड पहिल्या चावीला सुरू झाली. ना खोकली, ना धूर. लिफ्टवालीने डोळे मिटले आणि डोकं जरा कलतं करून ऐकत राहिली. हे अगदी असंच ऐकतात. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलीचा पहिला नंबर आला होता.

"काका, चला बरोबर," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, इकडे बसा."

हे माझ्या जागेवर बसले. त्या जागेवर हे याआधी कधी बसले नव्हते. डावा पाय आत घेताना हाताने उचलून घेतला आणि मी काही दिसलंच नसल्यासारखं केलं. वीस मिनिटांनी परत आले. ती गाडी बंद करून चिठ्ठीवर काहीतरी टिपून घेत होती, तोवर हे उतरून माझ्याजवळ आले.

"तुझ्या बाजूने रस्ता वेगळाच दिसतो गं," हे म्हणाले. "किती काय काय आहे वाटेत. तो पिवळा पूल, ती नर्सरी. तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इंजिन ऐकत असायचात."

कागद झाले, सह्या झाल्या. जाण्याआधी ती पुन्हा खाली वाकली आणि पेचकसाने त्या गुलाबी चकत्या सोडवल्या. दोन्ही यांच्या हातात ठेवल्या. "मला लागणार नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे, मला..." आणि पुढे काय बोलावं ते तिला सुचेना.

"माझंच आहे ते," हे म्हणाले. "गाडीबरोबर जात नाही." मग "जरा थांबा हं," असं म्हणून हे लॅबमध्ये गेले. नळाचा आवाज आला. ओल्या तोंडाने परत आले आणि दोनशे सात नंबरमधली आणि माझ्या पिशवीतली, दोन्ही चाव्या तिच्या हातात दिल्या.

गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. हे कान टवकारून उभे होते. "दुसरा गिअर जरा घाईने टाकला," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "शिकेल."

वर आल्यावर हे नेहमीच्या खुर्चीत बसले. पेपर घेतला नाही. मी न सांगताच यांनी दोन्ही पाय उचलून स्टुलावर ठेवले. मी कापूस आणला, समोर बसले. नॅपकिन माझ्या खांद्यावर होता, तो मी बाजूला ठेवून दिला. यांनी डोळे मिटले होते. मी पापण्या बघितल्या. मुळीच हलत नव्हत्या.

मी कापूस अंगठ्याला टेकवला, मग करंगळीला, मग टाचेला.

"लावलास का?" यांनी विचारलं.

"लावला."

"कुठे?"

आणि मी यांना एकेक करून सांगत गेले.